फुलं भरपूर, तरी दुधी का गळतो?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर आपापल्या बागेला लावून बघता येईल. तुमचं घर कोल्हापुरातल्या आर. के. नगरात. पुढं 15 बाय 20 फुटांचं अंगण, मागं थोडं परडं, वर गच्ची. दोन वर्षांपूर्वी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. नर्सरीतून जास्वंद, गुलाब, मोगरा, झेंडू, पिटुनिया अशी पंचवीसेक झाडं आणली आणि ती छान फुलतातही. पण मधमाशी क्वचितच दिसते. गच्चीवरच्या दुधीला बोटाएवढी फळं धरतात आणि पिवळी पडून गळतात, वांग्याचीही फुलं झडतात. मधमाश्यांची पेटी आणून ठेवली तर हे सुटेल का आणि शेजारच्या मुलांना माश्या चावल्या तर काय, असं तुम्ही विचारलंय.

पेटी आत्ता आणू नका. का ते शेवटाकडं सांगतो. पेटीनं तुमचा दुधीही सुटणार नाही आणि वांगंही नाही, कारण त्या दोन्ही फुलांची मुख्य गिऱ्हाइकं मधमाश्या नव्हेतच.

मी बावीस वर्षं कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज या पट्ट्यात घरगुती बागा करून देतोय. पहिली सात-आठ वर्षं मीही लोकांना फुलझाडांच्या याद्याच द्यायचो. याद्या चुकीच्या नव्हत्या, पण अर्ध्याच होत्या. तुमच्या अंगणात जेवणाची सोय आहे, मुक्कामाची नाही. खाणावळ कितीही झकास असली तरी माणूस जेवून उठतो आणि आपल्या घरी जातो. तुम्हीच लिहिलंय की फुलपाखरं येतात, जरा फिरतात आणि निघून जातात. कीटकाला अंडी घालायला जागा, अळीला चारा, कोषात पडून राहायला शांत कोपरा आणि घरट्यासाठी माती-चिखल लागतो. हे मिळालं की तो तुमच्याकडंच पिढ्या काढतो.

माशी म्हटलं की आपल्याला मोहोळच आठवतं. आपल्याकडं मोहोळ किंवा वसाहत करणाऱ्या मुख्य चार : आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेली बारीक काळी पोयाची माशी. पण जगात मधमाशीच्या गोतावळ्यातल्या 20,000 हून जास्त जाती नोंदल्या आहेत, भारतात 700 हून जास्त. त्यातल्या बहुतेक एकट्यानं राहतात. राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठा नाही. एक मादी स्वतः बीळ करते किंवा भोक शोधते, त्यात परागकण आणि मधुरसाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, खोली बंद करते, मग पुढची खोली. काही आठवड्यांचं तिचं आयुष्य असंच जातं. राखायला साठा आणि वसाहत नसल्यामुळं ती माणसाच्या अंगावर धावून येत नाही. मुलांबद्दलची तुमची निम्मी काळजी इथंच मिटते. उरलेल्या निम्म्याकडं नंतर येतो.

आपल्या भागाची एक अडचणही समजून घ्या. शहराबाहेर पडलं की चहूकडं ऊस. ऊस हिरवागार दिसतो, पण माशीच्या दृष्टीनं ते ओसाड रान आहे. त्याच्या तुऱ्यात मधुरस नसतो आणि परागीभवन वाऱ्यावर होतं. गळीत हंगामात करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळावर जाऊन बघा. रसाच्या मांदणाभोवती, गुळाच्या वाफ्याभोवती सातेरी आणि आग्यामाश्या घोंगावत असतात, कित्येक रसात पडून मरतात. बांधावरची बाभूळ, करंज, जांभूळ गेली, बांध नांगरले गेले, म्हणून त्या तिथं येतात. अशा वेळी शहरातल्या अंगणाला मोल येतं. तुमच्यापासून शिवाजी विद्यापीठाचा झाडीचा परिसर फार लांब नाही. कीटक तिथून येऊ शकतात, त्यांना थांबायला कारण हवं.

आता दुधी. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा मामला याच एका वेलात दिसतो.

दुधीचं फूल पांढरं असतं आणि संध्याकाळी उमलतं. दोडक्याचं पिवळं, पण तेही दिवस कलल्यावरच. काकडी, कारलं आणि लाल भोपळा सकाळचे. म्हणजे तुमचा दुधी ज्या वेळी दुकान उघडतो, त्या वेळी मधमाश्या घरी परतलेल्या असतात. पहाटे फूल मिटायच्या आत एखादी आली तर आली. या फुलांचा हक्काचा पाहुणा म्हणजे मोठे पतंग, विशेषतः हॉकमॉथ : अंगानं जाड, लांब सोंडेचे, फुलासमोर हवेत स्थिर राहून रस पिणारे. अंधारात चिमणीएवढं काहीतरी मोगऱ्यावर भिरभिरताना कधी दिसलं असेल तर तो हाच.

हा पतंग येतो कुठून? आपल्याकडं पूजेसाठी दारात तगर लावायची पद्धत आहे. पावसाळ्यात तिची पानं कोणीतरी भराभर खाऊन टाकतं. नीट बघितलं तर पानाखाली बोटाएवढी जाड, पोपटी अळी सापडते. शेपटीकडं आखूड शिंग आणि पुढच्या भागावर दोन निळे डोळे. ते खरे डोळे नव्हेत, भीती घालायचे ठिपके आहेत. डिवचलं की ती मान खाली घालून ते डोळे पुढं करते. ओलिअँडर हॉकमॉथची ही अळी कण्हेर आणि तगरीवर वाढते. पूर्ण वाढली की तिचा हिरवा रंग जाऊन तपकिरी चढतो आणि ती झाडावरून खाली उतरते. जमिनीवरच्या पालापाचोळ्यात शिरते, सैलसर धाग्यांनी पानं जवळ ओढते आणि तिथं कोषात जाते.

पेव्हर केलेल्या अंगणात ती उतरते तेव्हा काय होतं ते मी राजारामपुरीतल्या एका घरी बघितलं. सकाळी आठची वेळ होती. तगरीच्या बुंध्यापासून अळी निघाली, ब्लॉकवरून सरळ भिंतीपर्यंत गेली, वळली, दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली. अर्धा तास ती असं येरझारा घालत होती. कुठं एक पान नाही, मातीची फट नाही. मग घरातल्या मावशी झाडू घेऊन आल्या. त्यांच्या दृष्टीनं त्या आपलं अंगण स्वच्छ ठेवत होत्या. त्याच घरच्या दोडक्याला फळ धरत नाही म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं.

म्हणून माझी पहिली सूचना : तगर आणि कण्हेरीच्या आळ्यात चार बोटं पालापाचोळा कायम राहू द्या. झाडलेली पानं पेटवू नका, घंटागाडीतही देऊ नका. अळीनं तगर खाल्ली तर खाऊ द्या, महिन्याभरात झाड पुन्हा भरून येतं. दुसरी : गच्चीवरचा पांढरा एलईडी सातनंतर बंद ठेवा. पतंग दिव्याभोवती फिरून थकतात, फुलापर्यंत पोचतच नाहीत. दिवा हवाच असेल तर पिवळसर, कमी उजेडाचा आणि खाली तोंड केलेला लावा. पतंग वाढेपर्यंत काम हातानं करा. साडेसहा ते आठच्या दरम्यान, लांब दांडीचं, मागं फळ नसलेलं नर फूल खुडा, पाकळ्या मागं वळवा आणि मागं इवलासा दुधी असलेल्या मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. फळ पिवळं पडायचं थांबलं तर दोष परागीभवनाचाच होता, हे आठवड्यात कळेल.

वांग्याची गोष्ट वेगळी. वांगं, टोमॅटो, मिरची या कुळात वांगं-टोमॅटोच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रं असतात, मिरपूडदाणीसारखी. ती हलवल्याशिवाय पराग बाहेर पडत नाही. सातेरीला ही हलवण्याची कला येत नाही. ती येते काळ्या मोठ्या भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या माशीला. ती फुलाला मिठी मारून पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते, त्या थरथराटानं पराग खाली सांडतो. कान जवळ नेलात तर उडतानाच्या गुणगुणीपेक्षा चढा, तुटक आवाज ऐकू येतो. वांग्याची सगळीच फुलं परागाअभावी गळतात असं मात्र नाही. काही फुलांत मधली दांडी आखूड असते, ती गळणारच.

ही निळ्या पट्ट्यांची माशी तुमच्याकडं आणायची असेल तर तिला माती लागेल. ती मऊ मातीच्या उतारात, बांधाच्या कडेला, जुन्या मातीच्या भिंतीत बीळ करते. आपल्या जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती म्हणजे तिच्या वसाहतीच होत्या. आता घर सिमेंटचं, अंगण ब्लॉकचं आणि गटारीपर्यंत काँक्रीट. जगभरच्या एकट्या राहणाऱ्या माश्यांतल्या जवळपास 70 टक्के जाती जमिनीत घरटी करतात. आपण पेव्हर बसवतो तेव्हा त्यांच्या दारालाच कुलूप लावतो.

सगळे ब्लॉक उखडा असं मी म्हणणार नाही, गाडी लावायची असते, म्हाताऱ्या माणसांना चालायचं असतं. भिंतीलगतची, सकाळचं ऊन येणारी 3 फूट रुंद आणि 6 फूट लांब पट्टी मोकळी करा. ब्लॉकखालची खडी आणि कच काढून टाका. तिथं माती, बारीक मुरूम आणि थोडी वाळू मिसळून भरा आणि भिंतीकडून पुढं हलका उतार द्या, म्हणजे पाणी साचणार नाही. काळी माती नको. ती पावसात चिकट होते आणि उन्हात भेगाळते. हाताच्या मुठीनं दाबून घ्या आणि पुढं तिथं काही करू नका. पाणी घालू नका, खुरपू नका, गवत दाट झालं तर वरच्यावर उपटा.

आच्छादनाबद्दल इथंच सांगतो. नैसर्गिक शेतीवाल्या मित्रांमुळं हल्ली सगळे इंचन्‌इंच पाल्यानं झाकतात. झाडाच्या आळ्यात ते उत्तमच, पण बागेतली थोडी माती उघडी, उन्हात राहिलीच पाहिजे. पाल्याखाली जमीन उकरणारी माशी शिरत नाही. दोन्ही ठेवा, वेगवेगळ्या कोपऱ्यांत.

पहिल्या वर्षी उघड्या मातीत पेन्सिलीएवढी भोकं दिसतील, कडेला मातीचा बारीक चुरा. मुंग्यांची वाटतील. दहा मिनिटं उकिडवं बसून बघा. मागच्या पायांवर पिवळा पराग घेतलेली माशी आत शिरली की ओळख पटली.

या माशीचं आणखी एक बघण्यासारखं आहे. नरांना घरटं नसतं. दिवस मावळताना ते एखाद्या वाळक्या काडीवर येतात, जबड्यानं काडी पकडतात आणि पाय सोडून आडवे लटकून झोपतात. दरवर्षी त्याच काडीवर येतातसं नाही, पण जागा आवडली की रोज रात्री तिथंच. गेल्या ऑक्टोबरात कळंब्याजवळच्या एका बागेत तुळशीच्या वाळलेल्या मंजिरीवर मी ओळीनं सात मोजले. शेवटचा आला तेव्हा जागा नव्हती, तर त्यानं दुसऱ्याला ढकलून जागा केली. त्या घरच्या काकूंना मी तेवढंच म्हटलं, "काकू, ही काडी तोडू नका." त्यांनी ती दिवाळीच्या साफसफाईतही ठेवली.

जमीन झाली, आता भोकं. बाजारात 'बी हॉटेल' म्हणून रंगीत खोकी मिळतात. बरीचशी शोभेची असतात. मीही सुरुवातीला प्लास्टिकच्या नळ्या लावल्या होत्या, दिसायला सुबक. जुलैत उघडल्या तर आतल्या अळ्या बुरशीनं मेलेल्या. नळीतून ओल बाहेर पडत नव्हती. ती चूक माझी आणि अजून मनाला लागते. तेव्हापासून फक्त बांबू. बांबूकाम करणाऱ्यांकडं चिव्याचे बारीक तुकडे सहज मिळतात. आतली पोकळी 4 ते 10 मिलिमीटर हवी, सगळी एकाच मापाची नको. लांबी 15 सेंटिमीटरच्या आसपास. पेराच्या मागून कापा, म्हणजे मागचं तोंड आपोआप बंद राहतं. पुढची कड पॉलिश पेपरनं घासा, कुसळात माशीचे पंख फाटतात. वीस-पंचवीस तुकडे तारेनं घट्ट बांधा आणि पत्र्याच्या वळचणीखाली, छातीएवढ्या उंचीवर, पूर्वेकडं तोंड करून पक्के अडकवा. वाऱ्यावर झुलता कामा नये. आपला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्या बाजूला तोंड केलंत तर जूनमध्येच सगळं भिजेल. मुंग्या चढत असतील तर अडकवायच्या तारेला ग्रीस लावा.

नळीच्या तोंडाला हिरव्या पानाचं झाकण दिसलं तर ती पानं कापणारी माशी. तुमच्या गुलाबाच्या पानांना कडेनं गोल, जणू कात्रीनं कापलेले तुकडे गेलेले दिसतील. लोक याला रोग समजून फवारा मारतात. माशी ते पान खात नाही. लांबट तुकड्यांनी ती खोलीच्या भिंती सारवते आणि अगदी गोल तुकड्यांनी झाकण घालते. तुरीच्या आणि बोगनवेलीच्या पानांनाही ती अशीच कापते. मातीचं झाकण दिसलं तर बहुधा कुंभारीण माशी किंवा तिची नातेवाईक. ती अळ्या किंवा कोळी पकडून आत भरते आणि पिल्लांना खाऊ घालते, राहू द्या. माश्या बाहेर पडून गेलेल्या नळ्या वर्षाकाठी काढून टाका आणि नव्या लावा, नाहीतर माइट आणि बुरशी पुढच्या पिढीला धरतात. काळ्या भुंग्यासाठी अंगठ्याएवढ्या पोकळीचा वाळका बांबू किंवा शेवग्याचा, पांगाऱ्याचा मेलेला ओंडका परड्यात उभा रोवा. भुंगा घराच्या वाशाला भोक पाडतो ही तक्रार त्यानं बरीच कमी होते. शेवग्याच्या शेंगा धरण्यात या भुंग्याचा मोठा हात असतो.

आता फुलं. तुमच्याकडं ती आहेत, पण बरीचशी भरगच्च पाकळ्यांची : डबल जास्वंद, हायब्रीड गुलाब, गोंड्यासारखा झेंडू. ज्या पुंकेसरांतून पराग मिळायचा त्यांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. सगळं उपटून टाकू नका, पण पुढची खरेदी एकेरी पाकळ्यांची करा. पैसे खर्च करायच्या आधी स्वयंपाकघरात बघा. धने, मोहरी, बडीशेप, मुळा, कांदा, सब्जा यांची थोडी रोपं फुलावर जाऊ द्या. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका. कढीपत्ता उन्हाळ्यात फुलला की त्यावर दुपारी जो गुंजारव चालतो तो ऐकण्यासारखा असतो. शिवाय त्याच्या आणि लिंबाच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. आपल्या राज्याचं फुलपाखरू, 2015 साली जाहीर झालेलं निळं-काळं राणी पाकोळी, लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी लिंबावर दिसली तर ती याच कुटुंबातली. हात लावू नका.

आपल्याकडं खरी टंचाई भर पावसात येते. झडीच्या दिवसांत माशी बाहेर पडू शकत नाही आणि पडली तरी फुलातला रस धुऊन गेलेला. म्हणून जुलै ते ऑक्टोबरसाठी गोकर्ण, रानतेरडा, तीळ, भेंडी आणि काकडीवर्गातले वेल लावा. माझा सगळ्यात आवडता उपाय कारळ्याचा. चटणीसाठी आणलेल्या कच्च्या कारळ्यातली मूठभर जुलैमध्ये परड्यात विस्कटा. भाजलेले नकोत. सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळीधमक फुलं येतात, आणि या पिकाला बी धरायलाच माशी लागते. एका चादरीएवढ्या तुकड्यात मी सातेरी, फुलोरी, फुलमाश्या आणि दोन जातींच्या बारीक माश्या एकाच सकाळी बघितल्या आहेत. हिवाळ्याला अडुळसा आणि कोरफड आहेच. पेव्हरच्या फटीतून येणारी एकदांडी, म्हणजे काही जणांची दगडी पाला, उपटू नका. ती वर्षभर फुलते.

पाण्याचं थोडक्यात : उथळ परात, तिच्यात खडे, खड्यांची डोकी पाण्याबाहेर. दर दोन दिवसांनी पाणी ओतून परात घासा, डेंग्यूचा डास तयार व्हायला आठवडाभर लागतो, तितकी संधी द्यायची नाही. परातीशेजारी थोडी माती ओली ठेवा. फुलपाखरांचे नर तिथं क्षार शोषायला बसतात आणि कुंभारीण तिथूनच घरट्याचा चिखल नेते.

फवारणीबद्दल मी कडक आहे. तुम्ही दर पंधरा दिवसांनी दुकानदारानं दिलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारता असं लिहिलंय. ते आजपासून बंद करा. हे औषध झाडाच्या रसात भिनतं, तिथून परागकणात आणि मधुरसात जातं. युरोपीय संघानं 2018 मध्ये त्याच्यासह तीन निओनिकोटिनॉइड औषधांचा उघड्यावरचा वापर थांबवला, तो मधमाश्यांवरच्या परिणामांमुळंच. तुम्ही एका हातानं जेवायला बोलावताय आणि दुसऱ्या हातानं तेच ताट विषारी करताय.

मग माव्याचं काय? मावा आला की आधी दहा दिवस थांबा. त्याच्या मागोमाग ढालकिडे (लेडीबर्ड) येतात. त्यांची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी असते आणि लोक तिलाच किडा समजून चिरडतात. ती वाढताना शेकडो मावे खाते. फुलमाशीची बिनपायाची हिरवट अळीही तेच करते. तुम्ही पहिल्याच दिवशी फवारलंत तर मावा आठवड्यात परत येतो, त्याला खाणारे हे कीटक नाही येत. फारच वाढला तर लिटरभर पाण्यात 5 मिली द्रवसाबण घालून फक्त त्या शेंड्यावर, संध्याकाळी मारा. निंबोळी अर्कही उमललेल्या फुलांवर आणि दिवसा मारू नका.

आणि फाटकाजवळ एक रुई राहू द्या. शनिवारी मारुतीला पानं मिळतील, पिवळ्या-केशरी प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या मिळतील आणि तिच्यावर जो पिवळा मावा पडतो तो रुई-कण्हेरीच्याच कुळावर जगतो, तुमच्या चवळी-वांग्यावर येत नाही. पण त्या माव्यावर पोसलेले ढालकिडे मात्र वांग्यावर येतात.

परड्यात खताचा ढीग केलात की त्यात जाड पांढऱ्या, अर्धगोल अळ्या सापडतील आणि घरात कुणी ऊसवाले असतील तर "हुमणी!" म्हणून ओरडतील. त्यातली एक फरशीवर ठेवा. पाठीवर उताणी होऊन सरकू लागली तर ती फुलभुंगेऱ्याची अळी. कुजलेलं खाते, जिवंत मुळं नाही. तिला परत ढिगात सोडा. हुमणी अशी उताणी चालत नाही. जवळपास नारळ असतील तर गेंडा भुंग्याच्या, बोटाहून जाड अळ्या मात्र वेचून काढा.

आता चावण्याची उरलेली काळजी. गांधीलमाशीचं घरटं मुलांच्या वाटेत, हाताच्या उंचीवर असेल तर रात्री जाणत्या माणसाकडून काढून घ्या. उंच कोपऱ्यात असेल तर राहू द्या, त्या कोबीवरच्या अळ्या नेतात. आग्या मोहोळ गच्चीच्या टाकीखाली बसलं तर जाळू नका, दगड-फटाका नको, खाली होमाचा धूर नको. ही माशी हंगामानुसार जागा बदलते आणि काही महिन्यांत स्वतः उठून जाते. जाण्या-येण्याच्या वाटेवरच असेल तर प्रशिक्षित मधपाळाला बोलवा. एखाददुसरा डंख बसला तर काटा नखानं खरवडून लगेच काढा. बरेच डंख असतील, किंवा श्वास लागला, चेहरा सुजला, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

पेटीविषयी आता. सातेरीची वसाहत म्हणजे हजारो तोंडं. त्यांना वर्षभर चारा लागतो. तुमच्या आजूबाजूला तो आज नाही. पावसाळ्यात तुम्हाला साखरेचा पाक द्यावा लागेल, दमट हवेत मेणकिडा लागेल आणि वसाहत कंटाळून उडून जाईल. तोवर अंगणातल्या थोड्या फुलांवरून ती त्या एकट्या माश्यांनाही हुसकेल. शिकायची हौस असेल तर आधी भुदरगड तालुक्यातल्या पाटगावला जाऊन या. मधाचं गाव म्हणून ते ओळखलं जातं आणि मागं सह्याद्रीचं जंगल असल्यावर पेट्या कशा चालतात ते तिथं दिसतं. रीतसर प्रशिक्षण महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध संचालनालयात मिळतं. दोन वर्षं बाग अशी चालवा. सातेरीला जागा पटली तर ती भिंतीच्या पोकळीत किंवा जुन्या मीटरपेटीत आपणहून येते, तेव्हा पेटीचा विचार करू.

एप्रिल संपत आलाय, वळिवाचे एक-दोन पाऊस झालेत. पेव्हरची पट्टी मेच्या मध्यापर्यंत मोकळी करा, म्हणजे मृगाच्या आत माती बसेल. बांबूच्या नळ्या लगेच लावल्या तरी चालतील. आणि काढलेले ब्लॉक भंगारात देऊ नका. परड्यात पालापाचोळ्याच्या ढिगाला तीन बाजूंनी ते कोरडेच रचा, सिमेंट न लावता, सांध्यात बोटभर फटी ठेवून. तगरीवरून उतरलेल्या अळीला आत शिरायला त्याच फटी कामाला येतील.